सिलिकॉन वाळत नसतं, मावशी!

‘प्लंबरचे पैसे वाचवा, सिलिकॉनची पट्टी काचेसारखी गुळगुळीत’ हा फॉरवर्ड मी आजवर तीनदा डिलीट केला. परवा मावशीकडे गेलो तर तिने तो वाचून सिंकच्या कडेची फट ट्यूबमधल्या सिलिकॉनने स्वतःच भरलेली. पट्टीवर बोटांचे ठसे, मध्ये उंचवटे. एक टोक चिमटीत धरून ओढलं, तर शेवईसारखी अख्खी हातात आली. आता लिहिणं भागच आहे.

हातात का आली? कारण फॉरवर्ड म्हणतो, ‘जुनं काढू नका, त्यावरच नवा थर मारा.’ घट्ट झालेल्या सिलिकॉनला काहीच नीट चिकटत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा नाही. ब्लेडने जुनं खरवडायचं, तेलकटपणा पुसायचा, जागा खडखडीत कोरडी करायची. कंटाळवाणं काम आहे, पण निम्मं फिनिशिंग तिथेच होतं.

‘लगेच हेअर ड्रायर फिरवा, पाच मिनिटांत कडक’ या वाक्याला मात्र साष्टांग दंडवत. अहो, सिलिकॉन म्हणजे काय दांडीवरचा टॉवेल आहे? ते वाळत नाही, हवेतलं बाष्प घेऊन घट्ट होतं. तुम्ही त्याच्यावर गरम, कोरडी हवा सोडताय! झोताने ओली पट्टी सरकते आणि आतून कच्चीच राहते. खरं तर मावशीची रिकामी ट्यूब कचऱ्याच्या डब्यातच होती. काढून पाठ वाचली: वर साय धरायला दहा-पंधरा मिनिटं, पुढे 24 तासांत 2 ते 3 मिलिमीटर खोलवर घट्ट. एवढं छापलेलं असताना फॉरवर्ड कशाला वाचायचा?

म्हणजे पट्टी गुळगुळीत करायला मिळतात ती साय धरेपर्यंतची मिनिटं. कड सरळ यावी म्हणून फटीच्या दोन्ही बाजूंना चिकटवतात ती मास्किंग टेप; म्हणूनच ‘मास्किंग टेप दुसऱ्या दिवशी काढा’ हेही चूक. तोवर टेपसकट पट्टीची कड फाटून येते. बोट फिरवलं की लगेच टेप ओढायची.

‘रॉकेलचं बोट फिरवा’ म्हणे. शेजारी गॅसची शेगडी! पुढे बोलत नाही.

साबणाच्या पाण्याचं नाइलाजाने कबूल करतो. त्यात बुडवलेल्या बोटाला सिलिकॉन चिकटत नाही. पण ते भरून झाल्यावर. फॉरवर्डमध्ये आधी फटीत फवारायला सांगितलंय, तसं केलं तर पकडच जाते. आणि बोट एकदाच, एका दमात. मावशीने सात-आठ वेळा फिरवलं होतं. ट्यूबचं नोझलही, म्हणजे तिची चोच, तिरपं आणि फटीपुरतंच कापायचं. तिचं करंगळी जाईल एवढं भोक होतं.

व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन संगमरवरी देव्हाऱ्याला लावू नका, दगड खराब होतो. त्यासाठी आम्ल न सोडणारं ‘न्यूट्रल’ सिलिकॉन मिळतं.

संध्याकाळी सगळं खरवडून पुन्हा भरलं. “आता उद्यापर्यंत सिंकला पाणी नाही,” म्हटल्यावर मावशी म्हणाली, “मग भांडी?”

मोरीत बसून मीच घासली.