तीन लिंगं आहेत म्हणून सोपं?

जर्मन शिकतेय म्हटलं की समोरचा हमखास म्हणतो, "तुला काय, मराठीतही तीन लिंगं आहेत, सोपं जाईल!" हे वाक्य ऐकून ऐकून डोकं उठलंय. लिंगं तीन आहेत, पण जुळतात कुठे? आपला चंद्र 'तो', सूर्यही 'तो'. जर्मनमध्ये चंद्र 'डेअर मोंड', म्हणजे तो, आणि सूर्य 'डी झोनं', म्हणजे चक्क ती!

काल जेवताना ताटाशेजारी बघत बसले. जर्मनमध्ये चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी, सुरी नपुंसकलिंगी. एकाच टेबलावर तीन तऱ्हा! मराठीत निदान शेवटचा 'आ', 'ई' बघून बऱ्याचदा अंदाज तरी येतो. इथे 'उंग', 'हाइट', 'काइट' असे हमखास स्त्रीलिंगी शेवट सोडले तर कित्येक शब्दांना धरायला काही नाहीच. एकाच गाडीला 'आउटो' म्हटलं तर ते, 'वागन' म्हटलं तर तो. मुलगी, 'मेडशेन', ती तर नपुंसकलिंगी, का तर शेवटी 'शेन' आहे.

बरं, पाठ करून भागतं का? वहीत निळ्या, लाल, हिरव्या शाईने सगळं लिहिलंय. पण आधी 'मिट', म्हणजे आपलं 'ने' किंवा 'बरोबर', आलं की स्त्रीलिंगी 'डी' चं 'डेअर' होतं, म्हणजे हुबेहूब पुल्लिंगी! 'मिट डेअर गाबल', काट्याने. दोन महिने घोटलेलं त्या एका 'डेअर'पाशी कोलमडतं.

आणि वर्गात उत्तर चुकलं की पुन्हा तेच: "अगं, तुमच्याकडे पण तीन आहेत ना?" आहेत हो. पण ती आईच्या बोलण्यातून आली, तक्त्यातून नाही!