बिलावर ‘फुल सीलिंग’ लिहिलं, ते माझं चुकलं

नमस्कार. तुमचा एक ताऱ्याचा अभिप्राय वाचला. मे महिन्यात आमच्याकडून कॅरॅव्हॅनचं सीलिंग, म्हणजे पाणी शिरू नये म्हणून सांधे बंद करण्याचं काम, करून घेतलंत, बिलावर ‘फुल सीलिंग’ लिहिलेलं, तरी जूनमध्ये बेळगावला जाताना चोर्ला घाटात मागच्या बेडवर पाणी टपकलं. शिवाय खिडक्यांखालची भोकं आम्ही उघडीच सोडली आणि सिलिकॉनच्या एका ट्यूबमध्ये झालं असतं त्या कामाचे भरमसाट पैसे घेतले, असं तुमचं म्हणणं.

पाणी गळलं, ती चूक आमची. छतावरचा व्हेंट (हवेचं झाकण), एसीची चौकट आणि चारही खिडक्या आम्ही काढल्या, जुना माल खरवडला, नवी ब्युटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) घालून परत बसवल्या. पुढच्या बाजूला वर जे छोटे दिवे आहेत ते मात्र काढलेच नाहीत. कडेने सीलंट फिरवला आणि पुढे गेलो. दिव्यामागे वायरसाठी पत्र्याला भोक असतं आणि तिथली गॅस्केट (मधली रबरी चकती) उन्हाने कडक झाली की वरून कितीही लिंपा, उपयोग नाही. हे मला कळायला हवं होतं. होजने पाणी मारून तपासलं होतं, पण गाडी उभी असताना आणि वरून. चालत्या गाडीवर पाऊस समोरून आदळतो, तशी तपासणी आम्ही केलीच नाही.

दिवे पुढे आणि पाणी मागच्या बेडवर कसं, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. गळती शिरते एकीकडे, दिसते भलतीकडे. घाट चढताना गाडीचं तोंड वर असतं, त्यामुळे पाणी छताच्या आतल्या फ्रेमवरून मागे वाहत गेलं. फोनवर सांगितल्याप्रमाणे तुम्ही दिव्यांवर टेप चिकटवलीत आणि पुढच्या फेरीत बेड कोरडा राहिला, तिथेच दोष कुठे ते कळलं.

खिडक्यांखालची भोकं मात्र मी बुजवणार नाही. सरकत्या काचेच्या रबरातून थोडं पाणी खालच्या खाचेत उतरतंच, ते बाहेर जाण्यासाठीच ती ठेवलेली असतात. बुजवली तर खाच भरून पाणी आत सांडेल. आधीच्या कोणीतरी दोन बुजवली होती, ती आम्हीच मोकळी केली.

राहिलं सिलिकॉन. तुमच्या गाडीला ते आधी कोणीतरी चोपडलेलंच होतं आणि आमचा दीड दिवस त्याचे पापुद्रे काढण्यात गेला. त्याचा अंश जरी राहिला तरी वर दुसरा सीलंट धरत नाही. बाथरूमच्या टाइल्सना ते ठीक. व्हिनेगरसारखा वास येतो तो प्रकार तर धातूला गंज चढवतो, त्यात आपल्याकडचा खारा वारा. गंजलेले स्क्रू काढून स्टेनलेसचे घातले तेही त्याच बिलात आहेत. पैसे ट्यूबचे नव्हेत, हाताचे लागले.

आता गाडी परत आणा. सगळे दिवे काढून, गॅस्केट बदलून, खाली ब्युटाइल घालून बसवू. एक रुपया घेणार नाही. बेडवरचा प्लाय या पावसात फुगला असेल तर तोही माझ्या खर्चाने. दाराजवळच्या खिडकीखाली काळी पडलेली पट्टी मात्र जुनी आहे, मेमध्येच फोटो काढून तुम्हाला पाठवली होती. ती बदलायची तर लाकडाचे पैसे द्यावे लागतील.

एवढंच, की सकाळी सोडून संध्याकाळी न्यायचा हट्ट या वेळी धरू नका. ओल्यावर सीलंट बसत नाही. आधी शेडमध्ये पंखे लावून दोन दिवस सुकवावी लागेल, मग पॉलियुरेथेन सीलंट दिवसाला दोन-तीन मिलिमीटरच आतवर पक्का होतो. पाच दिवस धरा. चतुर्थीला गाडी हवी म्हणालात, तर आत्ताच या. आदल्या आठवड्यात आलात तर मला घाई करावी लागेल, आणि या कामात घाई केली की पुढचा अभिप्रायही असाच येणार.

बिलावर यापुढे ‘फुल सीलिंग’ लिहिणार नाही. काय काढून बसवलं आणि कुठे नुसतं वरून लावलं, ते वेगवेगळं लिहू. तुमचं बिलही तसंच दुरुस्त करून देतो.

येताना दिव्यांवरची टेप काढू नका. कुठून कुठपर्यंत लावलीत ते मला बघायचंय.