इसबाच्या बाळाचं दूध-अंडं तोडू नका

कोल्हापुरात आयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: "बाळाचा इसब पोटातून येतो. गाईचं दूध, अंडी, शेंगदाणे बंद करा. म्हशीचं दूध द्या. अंगाला साय आणि डाळीचं पीठ चोळा. मलम लावू नका, रोग आत जाऊन दमा होतो." माझ्या बहिणीनं हे महिनाभर पाळलं. सव्वा वर्षाचं पोर रात्रभर गुडघ्यामागं खाजवायचं, सकाळी दुपट्यावर रक्ताचे ठिपके. खाज तशीच राहिली, वजन मात्र उतरलं.

इसबाचं मूळ कातडीत आहे. ती ओल धरत नाही, कोरडी पडून फाटते. इसब बऱ्यापैकी असलेल्या मुलांतही साधारण तिघांत एकालाच अन्नाची ॲलर्जी सापडते. ती ओळखू येते: खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, उलटी होते. धाप लागली तर थेट दवाखाना गाठायचा.

म्हशीचं दूध? गंगावेशीत धारोष्ण दूध पिणाऱ्या आपल्या गावाला हे लगेच पटतं. पण दोन्ही दुधांतली प्रथिनं इतकी सारखी, की गाईचं खरंच सोसत नसेल त्याला म्हशीचंही बहुधा सोसत नाही.

शेंगदाण्याचं तर उलटंच आहे. लंडनमध्ये तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या 640 बाळांवर अभ्यास झाला, 2015 साली निष्कर्ष आले. चार ते अकरा महिन्यांच्या वयात शेंगदाणा सुरू करून पाच वर्षांपर्यंत खात राहिलेल्या मुलांत, शेंगदाणा टाळलेल्या मुलांपेक्षा, त्याची ॲलर्जी जवळपास 80 टक्के कमी निघाली. इसब तीव्र असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. अख्खा दाणा कधीच नको, घशात अडकतो. बारीक कूट पातळ पेजेत कालवून द्या.

मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती साय-पिठाची. तोंडावाटे गेलेलं अन्न शरीर आपलं मानायला शिकतं. तेच फाटक्या कातडीतून आत गेलं तर शरीर त्याच्यावर उलटू शकतं. शेंगतेलाच्या मालिशलाही हेच लागू.

इसबाच्या काही मुलांना पुढं दमा होतो, खरंय. पण त्यामागं दोन्हींना पोसणारी तीच ॲलर्जीची प्रकृती असते, मलम नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं मलम सांगितले तितके दिवस लावा, आणि आंघोळ झाल्या झाल्या अंग ओलसर असतानाच घट्ट मॉइश्चरायझर.

तुम्हीही दूध-अंडं तोडलं असेल तर घरी एकदम सुरू करू नका. बरेच दिवस बंद ठेवलेला पदार्थ परत दिल्यावर अशा मुलांना कधी कधी जोराची रिॲक्शन येते. बहिणीनं पहिला चमचा डॉक्टरांसमोरच भरवला.