‘त आहे’ दिसलं की ‘आयएनजी’? एका प्रतिक्रियेला उत्तर

सर,

आयुष्यभर इंग्रजी शिकवल्याचं तुम्ही लिहिलंत, म्हणून सर म्हणतो. चालू वर्तमानकाळावरच्या माझ्या लेखावर तुम्ही चांगलेच चिडलेले दिसता. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. मराठी वाक्याच्या शेवटी ‘त आहे’ आलं की ‘ॲम, इज, आर’ घ्यायचं आणि क्रियापदाला ‘आयएनजी’ लावायचं, हे सूत्र पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय आणि मी ते उगाच मोडीत काढतोय. ‘आय ॲम नोइंग’ म्हटलं तरी समोरच्याला कळतंच. वर्तमानकाळात ‘उद्या’ घुसवणं म्हणजे मुलांचा गोंधळ वाढवणं. शिवाय माझ्या लेखात स्पेलिंगच्या दोन चुका आहेत.

सूत्राबद्दल आधी. रूप कसं बनवायचं एवढंच शिकवायचं असेल तर तुमच्या सूत्राशी माझं काहीच भांडण नाही. ‘आय’ला ‘ॲम’, ‘ही, शी, इट’ला ‘इज’, बाकीच्यांना ‘आर’. नकार हवा तर मध्ये ‘नॉट’, प्रश्न हवा तर ‘ॲम, इज, आर’ कर्त्याच्या आधी. हे मुलं एका तासात शिकतात. भांडण आहे ते ‘कधी वापरायचं’ यावर. तिथे मराठी वाक्याच्या शेपटीवर भरवसा ठेवला की गडबड होते, आणि ती दोन्ही बाजूंनी होते.

तुम्हीच करून बघा. ‘तो खुर्चीवर बसला आहे.’ यात ‘त आहे’ कुठेच नाही. सूत्र पाळणारा मुलगा इथे ‘ही हॅज सॅट’ लिहितो, कारण ‘ला आहे’ म्हणजे ‘हॅज’ असं त्याला त्याच धड्याच्या पुढच्या पानावर शिकवलेलं असतं. इंग्रजीत मात्र ‘ही इज सिटिंग ऑन द चेअर’. मग ‘तो बसत आहे’चं काय? तो अजून टेकायचाय, म्हणून ‘ही इज सिटिंग डाऊन’. ‘तो झोपला आहे’ म्हणजे ‘ही इज स्लीपिंग’. ‘ती दाराशी उभी आहे’ म्हणजे ‘शी इज स्टँडिंग बाय द डोअर’. इथे तर मराठीत ‘आहे’ सोडून क्रियापदच नाही! सगळ्यात गमतीची जोडी चष्म्याची. ‘तिने चष्मा घातला आहे’ म्हणजे ‘शी इज वेअरिंग ग्लासेस’ आणि ‘ती चष्मा घालते आहे’ म्हणजे ‘शी इज पुटिंग ऑन हर ग्लासेस’. बसणं, झोपणं, घालणं अशा क्रियापदांत मराठी म्हणते की कृती उरकली, आता तिचा परिणाम टिकून आहे. इंग्रजी त्या टिकून राहण्यालाच चालू क्रिया मानते. दोन्ही भाषा आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त त्यांच्या खुणा एकमेकींवर नेमक्या बसत नाहीत.

आता उलटी बाजू. ‘मी दहा वर्षं इथे राहतो आहे.’ सूत्राला हवं ते सगळं यात आहे, तरी ‘आय ॲम लिव्हिंग हिअर फॉर टेन इयर्स’ चूक ठरतं. क्रिया आधीपासून आतापर्यंत चालत आली असेल तर इंग्रजीला ‘आय हॅव बीन लिव्हिंग’ लागतं. मराठीला एवढी उठाठेव करावी लागत नाही. ‘दहा वर्षं’ म्हटलं की काम झालं.

‘आय ॲम नोइंग’च्या बाबतीत तुमचा अर्धा मुद्दा मला मान्य आहे. अर्थ कळतो, वाद नाही. पण हे आपल्याच तोंडी इतकं का येतं, ते सूत्र सांगत नाही. मराठीत ‘मला समजतंय’, ‘मला दिसतंय’, ‘मला आठवतंय’, ‘मला वाटतंय’ हे अगदी रोजचं बोलणं. समजणं, आठवणं या गोष्टी आपल्याकडे घडत असतात, चालू असतात. इंग्रजी त्यांना स्थिती समजते: ‘आय अंडरस्टँड’, ‘आय रिमेंबर’. म्हणजे ‘आय ॲम अंडरस्टँडिंग’ म्हणणारं मूल व्याकरणात कच्चं नसतं. ते तुमचं सूत्र प्रामाणिकपणे पाळत असतं!

पण लेखात मी ‘या क्रियापदांना आयएनजी कधीच लागत नाही’ असं लिहिलं होतं. तो ‘कधीच’ माझा आगाऊपणा होता आणि तुम्ही तो नेमका पकडलात. ‘आय थिंक’ म्हणजे मला वाटतं, हे मत झालं. ‘आय ॲम थिंकिंग’ म्हणजे मी विचार करतोय, हे डोक्यात चाललेलं काम. ‘ही इज रूड’ म्हणजे तो उद्धट आहे, मुळातच. ‘ही इज बीइंग रूड’ म्हणजे एरवी बरा असेल, आत्ता उद्धटपणा करतोय. हळूहळू बदलत जाणारी गोष्ट असली की ‘आय ॲम अंडरस्टँडिंग इट मोअर अँड मोअर’ हेही चालतं. तेव्हा याद्या पाठ करून घेण्यापेक्षा मी मुलांना विचारतो: ही गोष्ट सुरू होऊन संपणारी, तात्पुरती म्हणून सांगतोयस, की आहे तशी आहे म्हणून? ‘व्हॉट डू यू डू’ला उत्तर व्यवसायाचं आणि ‘व्हॉट आर यू डुइंग’ला उत्तर हातातल्या कामाचं, ते याच कारणाने. आपण दोन्हीसाठी ‘काय करतोस?’ विचारून मोकळे होतो.

ही इंग्रजांची कायमची खोड आहे, असंही समजू नका. शेक्सपिअरच्या काळात हातात पुस्तक धरून बसलेल्या माणसालासुद्धा ‘व्हॉट डू यू रीड?’ असं विचारता येत होतं; आपल्या ‘काय वाचता?’सारखंच. ‘घर बांधलं जातंय’साठी अठराव्या शतकात ‘द हाऊस इज बिल्डिंग’ म्हणत. ‘इज बीइंग बिल्ट’ त्या शतकाच्या अखेरीस रुळू लागलं आणि एकोणिसाव्या शतकात काही व्याकरणकारांनी त्याला चक्क गावंढळ ठरवलं. आज तेच पाठ्यपुस्तकात आहे. पण परीक्षेला बसणाऱ्या मुलाला आजचं इंग्रजी लागतं, म्हणून ‘नोइंग’ मी खोडणारच.

‘उद्या’चं म्हणाल तर त्यासाठी इंग्रजीपर्यंत जायची गरजच नाही. ‘उद्या येतेय ना ती?’ हे आपण सर्रास बोलतो. उद्याचं येणं आज चालू नसतं, पण ते ठरलेलं आहे, तयारीत आहे. ‘शी इज कमिंग टुमॉरो’ तेच सांगतं. ‘उद्या पाऊस पडेल’ यात मात्र कुणी काही ठरवलेलं नसतं, म्हणून तिथे ‘इट इज रेनिंग टुमॉरो’ चालत नाही. मुलं हे चटकन पकडतात, कारण मराठीतही ‘उद्या पाऊस पडतोय’ त्यांना खटकतं.

राहिलं स्पेलिंग. ‘ओपनिंग’मध्ये मी दोन ‘एन’ टाकले ही शुद्ध चूक. उच्चाराचा जोर पहिल्या अवयवावर, म्हणजे शब्दाच्या ‘ओ’ या पहिल्या तुकड्यावर असल्याने तिथे एकच ‘एन’ हवा. ‘बिगिनिंग’मध्ये जोर ‘गि’वर, म्हणून तिथे दोन. ‘ट्रॅव्हलिंग’ला हा नियम लावून तुम्ही तीही चूक काढलीत, पण तिथे जोर पहिल्या अवयवावर असूनही ब्रिटिश पद्धतीत दोन ‘एल’च लिहितात, एक ‘एल’ अमेरिकी पद्धतीत. मी लेखभर ब्रिटिश स्पेलिंग वापरलंय, म्हणून ते तसंच ठेवतोय. ‘ओपनिंग’ आणि तो ‘कधीच’ दोन्ही दुरुस्त केले आहेत.