मेथोट्रेक्सेट सोडून अँटिबायोटिक घ्या म्हणणाऱ्यांना

"आमवाताचं खरं कारण लघवीतला जंतू, शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं! मेथोट्रेक्सेट बंद करा, अँटिबायोटिकचा कोर्स घ्या, सांधे कायमचे बरे." हा फॉरवर्ड मावशीपर्यंत पोचला आणि तिनं आमवातावरची (रुमॅटॉइड आर्थरायटिसवरची) या आठवड्याची मेथोट्रेक्सेटची गोळी घेतलीच नाही. म्हणून लिहितेय.

आधी सगळ्यात घातक भाग. लघवीच्या इन्फेक्शनवर दिल्या जाणाऱ्या औषधांत को-ट्रायमॉक्साझोल हे अँटिबायोटिक येतं. त्यातलं ट्रायमेथोप्रिम आणि मेथोट्रेक्सेट, दोन्ही शरीरातल्या फोलेट या बी-जीवनसत्त्वाच्या कामात अडथळा आणतात. दोन्ही एकत्र आली की अस्थिमज्जेत रक्तपेशी तयार होणंच थांबू शकतं. यात माणसं दगावली आहेत. "पण मेथोट्रेक्सेट तर बंद केलं ना?" केलं, तरी ते पेशींमध्ये काही आठवडे रेंगाळतं. आणि बंद केल्यावर आजार उसळला, हाडं झिजली, तर ती झीज भरून येत नाही. मेसेजमध्ये यातलं एक अक्षर नाही!

"सिद्ध केलं" म्हणे. यात अर्धं सत्य आहे, तेवढं मान्य करते. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधले संशोधक ॲलन एब्रिंगर 1980च्या दशकापासून प्रोटिअस मिराबिलिस या लघवीच्या इन्फेक्शनमधल्या जंतूबद्दल हे मांडत आले. या जंतूच्या हिमोलायसिन प्रथिनाचा एक तुकडा आमवाताशी जोडलेल्या एचएलए-डीआर4 सारख्या (प्रतिकारशक्तीच्या कामातल्या) रेणूंच्या तुकड्याशी मिळताजुळता आहे, आणि त्याच्याच युरिएज या प्रथिनाचा तुकडा सांध्याच्या कूर्चेतल्या कोलॅजेनशी. म्हणून जंतूवर धावलेली प्रतिकारशक्ती सांध्यांवरही उलटते, असा त्यांचा तर्क. रुग्णांच्या रक्तात प्रोटिअसविरुद्धच्या अँटिबॉडीज जास्त सापडल्या, हेही खरं. पण अँटिबॉडीज जास्त असणं म्हणजे जंतूनं आजार घडवला असं नव्हे. प्रोटिअस मारून आमवात कायमचा गेल्याचं कुठल्याही मोठ्या चाचणीत दिसलेलं नाही. शिवाय लघवीची बहुतेक इन्फेक्शनं ई. कोलायमुळे होतात. जवळपास निम्म्या बायकांना आयुष्यात कधी ना कधी असं इन्फेक्शन होतं. आमवात मात्र शंभरात जेमतेम एखादीला.

मिनोसायक्लिन या अँटिबायोटिकनं सुरुवातीच्या आमवातात काहींना फरक पडला होता, पण ते औषध जंतू नसतानाही सूज कमी करतं. लघवीचं इन्फेक्शन आणि आमवात दोन्ही बायकांना जास्त होतात हा मुद्दाही फुसकाच, ल्युपस हा प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजारही बायकांनाच जास्त होतो.

"रिपोर्ट नॉर्मल असला तरी जंतू लपलेला असतो" यावर काय बोलणार? मग तपासायचं तरी कशाला?

लघवीला जळजळ होत असेल, ताप असेल, तर तपासणी करून उपचार घ्यायलाच हवेत. औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांना मेथोट्रेक्सेट चालू असल्याचं आधी सांगा. एखादा डोस थांबवायचा असेल तर ते ठरवतील.