लेस्टरचे टोमॅटो, निफाडचा वाद

आमच्या निफाडच्या घरी ब्रिटनचं नाव हल्ली वाद जिंकायला घेतात. दादाचं म्हणणं, २०१९ साली भारत आरसेपमध्ये, म्हणजे चीन, न्यूझीलंड वगैरे देशांच्या व्यापारकरारात, गेला नाही ते उत्तमच झालं. त्याला पुरावा म्हणून तो सांगतो, "ब्रिटन युरोपीय संघासारख्या एवढ्या मोठ्या संघातून बाहेर पडला, काय बिघडलं त्यांचं? दुकानं चालूच आहेत." भाऊजी उलट बाजूचे. ते फॅमिली ग्रुपवर २०२३चा तो फोटो पुन्हा टाकतात: सुपरमार्केटमधले रिकामे क्रेट आणि वर पाटी, गिऱ्हाइकामागे टोमॅटोची तीनच पाकिटं. "व्यापारसंघ सोडला की ही वेळ येते." मग दोघंही मला म्हणतात, तू तिथे लेस्टरला राहतेस, तूच सांग. मी सांगायला लागले की मात्र दोघांनाही ते ऐकायचं नसतं.

फोटो खरा आहे. त्या फेब्रुवारीत आस्डा, मॉरिसन्स, टेस्को, आल्डी, सगळीकडे टोमॅटो, काकडी आणि ढोबळी मिरचीवर मर्यादा होती. पण कारण काय होतं? हिवाळ्यात इथले जवळपास सगळे टोमॅटो बाहेरून येतात, मुख्यतः स्पेन आणि मोरोक्कोतून. त्या वर्षी दोन्हीकडे थंडीने पीक मागे पडलं. युक्रेन युद्धामुळे गॅस इतका महागला होता की इंग्लंड-हॉलंडच्या काचघरवाल्यांनी लागवडच पुढे ढकलली. मोरोक्को तर कधी युरोपीय संघात नव्हताच. तिथली थंडी ब्रेक्झिटच्या खात्यावर कशी मांडायची?

आणि भाऊजी, त्याच वर्षी जुलैत आपल्याकडे टोमॅटो किलोला दोनशेच्या घरात गेला होता. गावात मळ्यांवर रात्रीची राखण बसली होती. भारत तेव्हा कुठल्या संघातून बाहेर पडला होता? आमच्या इथे निदान रांगेत कुणी हुज्जत घातली नाही. तीन पाकिटं म्हणजे तीन, लोकांनी घेतली आणि निघून गेले.

यावर भाऊजींकडे आणखी एक फोटो असतो, त्याच दिवसांतल्या युरोपातल्या दुकानांचा, काठोकाठ भरलेला. तोही खराच आहे. माल कमी पडला की व्यापारी तो आधी जवळच्या, कमी कटकटीच्या, वाढीव भाव देणाऱ्या गिऱ्हाइकाला देतो. पिंपळगावच्या टोमॅटो मार्केटमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला हे मी काय सांगायचं. इथल्या सुपरमार्केटांनी दर आधीच बांधून ठेवलेले असतात, भाव चढला तरी ती हात सैल सोडत नाहीत. त्यात आता आम्ही संघाबाहेरचे, म्हणजे रांगेत मागे. थंडी ब्रेक्झिटने आणली नाही, पण थंडी आल्यावर आमचा नंबर शेवटी लागला, त्यात ब्रेक्झिटचा वाटा आहे. २०२१ साली ट्रकचालकांचं तेच झालं. चालक जर्मनीत आणि पोलंडमध्येही कमी होते, करोनाने लायसनच्या परीक्षा सगळीकडेच थांबल्या होत्या. पण पेट्रोलचे टँकर चालवायला लष्कर बोलवावं लागलं ते इथे, कारण परत गेलेले युरोपीय चालक आता सहजासहजी येऊ शकत नव्हते. शेवटी सरकारने त्यांच्यासाठी तात्पुरते व्हिसा काढले.

दादाला वाटतं की इथवरचं सगळं त्याच्या बाजूचं आहे. तसं नाही.

ब्रिटन ३१ जानेवारी २०२० ला संघातून निघाला, पण सीमेवरचा कारभार बदलला तो त्या वर्षअखेरीनंतर. करार झाल्यामुळे आयातकर लागला नाही, आणि कर नाही म्हणजे खर्च नाही असं दादा धरून चालतो. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या अभ्यासकांनी याचा हिशेब मांडला आहे. त्यांच्या मते ब्रेक्झिटमुळे २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत खाद्यपदार्थ सुमारे ६ टक्क्यांनी महागले, कुटुंबामागे सरासरी २१० पौंड. हा सगळा खर्च कागदांचा, तपासण्यांचा, थांबलेल्या गाड्यांचा. ज्याच्या पगारातला मोठा हिस्सा किराण्यावर जातो त्याला तो जास्त लागला.

मार्च २०२३ मध्ये इथली खाद्य महागाई १९.२ टक्क्यांवर गेली, तो आकडा भाऊजी मिरवतात. त्या महिन्यात संघात बसलेल्या जर्मनीत ती २० टक्क्यांच्या वर होती. म्हणजे मोठी लाट युद्धाची आणि गॅसची. पण त्या लाटेखाली आमचे हे ६ टक्के आधीच साचलेले होते आणि लाट ओसरली तरी ते गेले नाहीत.

हे कसं घडतं ते बघायचं तर आमच्या रस्त्यावरच्या पोलिश दुकानात या. मालकीणबाईंकडचा क्वार्क मी चक्क्याच्या जागी वापरते, पाडव्याचं श्रीखंड गेली कित्येक वर्षं त्याचंच होतं. त्या शेल्फच्या कडेला किमतीची चिठ्ठी आहे, तिच्यावर दुसरी चिकटवलेली, तिच्यावर तिसरी, कोपरे सुटून खालचे जुने आकडे डोकावतात. ३१ जानेवारी २०२४ पासून युरोपातून येणाऱ्या मांस आणि दुधाच्या मालाला पशुवैद्याच्या सहीचा आरोग्य दाखला लागतो. ३० एप्रिलपासून डोव्हरमार्गे येणाऱ्या खेपेला १४५ पौंडांपर्यंत फी बसली. टेस्कोच्या एकाच मालाने भरलेल्या ट्रकला किलोमागे ती जाणवतही नाही. या बाईंचा माल इतर दुकानदारांबरोबर एका गाडीत येतो: सॉसेज, लोणी, क्वार्क, प्रत्येकाचा दाखला वेगळा. कुणा एकाच्या कागदात एक आकडा चुकला की सगळ्यांची गाडी उभी. पूर्वी त्या सात-आठ तऱ्हेची सॉसेज ठेवायच्या, आता दोन-तीन ठेवतात. शेल्फ भरलेलं दिसतं, कारण त्याच दोन-तीन तऱ्हा पसरून मांडलेल्या असतात. याचा फोटो कुणी काढत नाही.

भाऊजी द्राक्षवालेही आहेत, त्यांना तर हे आधी कळायला हवं. २०१० साली क्लोरमेक्वाट या फवारणीच्या रसायनाचा अंश सापडला म्हणून नाशिकच्या द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले आणि बागाईतदार कर्जात गेले. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावलं तेव्हा लासलगावचे लिलाव बंद पडले. दादा आणि भाऊजी त्या वेळी एका सुरात सरकारला बोलत होते. सीमेवरच्या एका कागदाने घर कसं हलतं हे दोघांनी सोसलंय, आणि ब्रिटनचा विषय निघाला की दोघंही ते विसरतात.

संघात सगळं गोड होतं असंही मी म्हणणार नाही. २०१४ साली फळमाशी सापडली म्हणून युरोपीय संघाने हापूस बंद केला, सोबत कारली, वांगी, पडवळ आणि अळूसुद्धा. ब्रिटनचा इलाज नव्हता, ब्रुसेल्सचा, म्हणजे संघाचा नियम तोच इथला नियम. तो मे महिना लेस्टरमधल्या आपल्या लोकांच्या बाजारात, बेलग्रेव्ह रोडवर, आंब्याच्या पेटीविना गेला. आंब्यावरची बंदी उठली ती पुढच्या जानेवारीत. २०१६च्या सार्वमताच्या वेळी आमच्यातल्या कितीतरी जणांच्या मनात ही चीड होती. आणि आशाही होती, की पोलंड-रुमानियाची माणसं थांबली की आपल्या माणसांना व्हिसा मिळतील. ती फोल गेली नाही. आज इथल्या हॉस्पिटलांत मल्याळी आणि मराठी मुलं-मुली दिसतात.

मी तेव्हा भारतीय पासपोर्टवर होते, तरी राष्ट्रकुलातली म्हणून मला मत होतं. पोलिश दुकानवाल्या बाईंना नव्हतं. त्या माझ्याआधी इथे आलेल्या, दुकान त्यांचं, कर त्यांचे, आणि त्यांच्या भवितव्यावर मत मी दिलं. मी राहण्याच्या बाजूने दिलं. लेस्टरनेही अगदी थोडक्या फरकाने तसाच कौल दिला होता.

दादा, तुझ्या मुद्द्यातली खरी चूक आता सांगते. न जाणं आणि जाऊन परत येणं यांची तुलना होत नाही. आपल्या चुलत्यांची वाटणी आठव. सामाईक विहिरीचं पाणी वाटणीनंतर आटलं नाही, पण पाळ्या आल्या, मोटार कुणाची यावर भांडणं आली, तलाठ्याकडे खेपा आल्या. ज्याची विहीर पहिल्यापासून वेगळी त्याला यातलं काहीच नाही. ब्रिटन १९७३ पासून त्या विहिरीवर होता. इथल्या कारखान्यांचे सुटे भाग, ट्रकचे रस्ते, भाजीची वेळापत्रकं, सगळं त्या हिशेबाने बसलेलं होतं. भारत आरसेपमध्ये कधी गेलाच नाही. जावं की नाही हा न्यूझीलंडच्या दूध पावडरीचा, चिनी मालाचा आणि आपल्या गावातल्या दोन गायींवर घर चालवणाऱ्याचा प्रश्न आहे. मला विचाराल तर न जाणंच बरोबर होतं. पण ते दुधाच्या हिशेबावर सिद्ध करा, आमच्या शेल्फवर नको.

मे २०२५ मध्ये ब्रिटन आणि संघाने खाद्यपदार्थांवरच्या या तपासण्या कमी करणारा करार करायचं ठरवलं. मी त्या बातम्या बारकाईने वाचते. काका मागे फोनवर म्हणाले, "बरं झालं, इंग्रजांना अद्दल घडली." मला ते लागलं. त्या रांगेत मी होते. माझी मुलं त्या शेल्फवरचं खाऊन मोठी होतायत. ऑफिसात कुणी भारताच्या २०२३च्या तांदूळ-कांद्याच्या निर्यातबंदीला स्वार्थी म्हटलं की मी तावातावाने निफाडची बाजू मांडते, आणि निफाडला फोन लावला की लेस्टरची. त्या करारात मला रस आहे, कारण मी इथेच राहणार आहे. हे मी घरी अजून कुणाला बोलून दाखवलेलं नाही. आई विचारते, परत कधी येणार, तेव्हा मी मुलांच्या शाळेचं कारण सांगते.