आजीचं घोसाळं, नातीची बाल्कनी आणि मधले आपण

या पावसाळ्यात लेकीच्या बाल्कनीत दुधीचा वेल चांगला चढला होता. पुण्यातली नवी सोसायटी, आठवा मजला. फुलं भरपूर, पण दुधी बोटाएवढा झाला की पिवळा पडून गळायचा. तिने यूट्यूबवर बघून कारण शोधलं: इतक्या उंचावर किडेपाखरं फारशी येत नाहीत, परागीभवन आपणच करायला हवं. मग रोज सकाळी चहाआधी ती नर फूल तोडून मादी फुलावर फिरवायची. तरी गळतच होते.

तेव्हा सासूबाई गुहागरहून आल्या होत्या. दोन दिवस त्यांनी नुसतं बघितलं. तिसऱ्या दिवशी नातीला म्हणाल्या, "अगो, दुधी संध्याकाळचा फुलतो. सकाळपर्यंत फूल कोमेजतं. दिवेलागणीला लाव."

लावलं. तीन दुधी धरले.

भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं, घोसाळ्याचं सकाळी, शिराळ्याचं आणि दुधीचं दिवस कलताना. हे आईंना, म्हणजे सासूबाईंना, कुणी शिकवलेलं नाही. साठ वर्षं तिन्हीसांजेला तुळशीपाशी दिवा लावून त्या परसात एक फेरी मारतात, तेवढंच. पण फूल हाताने फिरवायचं असतं हे मात्र त्यांना माहीत नव्हतं, कारण त्यांच्या मांडवावर ते काम पाखरं करत होती. तो दुधी दोघींना मिळून धरता आला.

म्हणून "आजकालच्या मुलांना मातीची आवड नाही" असं कुणी म्हटलं की मला राग येतो. माझी लेक कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), गांडूळखत आणि माती यांचं प्रमाण वहीत लिहून ठेवते. कोकोपीट पाणी धरतं पण झाडाला खायला जवळजवळ काही देत नाही, हे तिनेच मला सांगितलं. घरातला ओला कचरा ती भोकं पाडलेल्या बादलीत जिरवते. उलट आई सगळा पातेरा, म्हणजे वाळका पालापाचोळा, जाळायच्या. आता नातीचं ऐकून नारळाच्या आळ्यात घालतात.

खरी खोट मधल्या पिढीत आहे, म्हणजे आपल्यात. सासरच्या खळ्यात फरशी आम्ही घातली. न्हाणीच्या पाण्यावर अळू आणि केळ पोसली जायची. भांडी राखेने घासायचो तोवर ते पाणी झाडांना चालत होतं, मग साबण आणि पावडरी आल्या आणि ते पाणी आम्ही गटारात सोडलं. पावट्यावर मावा पडला की गोमूत्र किंवा राख मारायची सोडून बीएचसी या विषारी कीटकनाशकाची भुकटी कुणी आणली? आम्हीच. १९९७ मध्ये तिच्यावर बंदी आली, तोवर ती घरोघरच्या फडताळात होती. आणि परसात भाजी लावणं गावंढळ वाटायला लागलं तेव्हा आम्ही शोभेचे क्रोटन लावले.

सगळ्यात मोठं नुकसान बियाण्याचं झालं. आई पहिल्या बहरातलं, निरोगी वेलावरचं एक फळ तोडू द्यायच्या नाहीत. "ते बियाण्याला." घोसाळं वेलावरच वाळायचं, हलवलं की खुळखुळायचं. काळ्या बिया राखेत घोळून डब्यात जायच्या, जाळी अंग घासायला. मग अक्षय्य तृतीयेला आळं करून तेच बी पुन्हा मातीत. माझं लग्न झालं तेव्हा पडवळाच्याच दोन जाती घरात होत्या. आज एकही नाही. त्या मी सांभाळायच्या होत्या. मी पाकीट विकत आणलं, कारण सोपं होतं.

ती पाकिटं बहुतेक संकरित बियाण्याची. त्याच्या फळाचं बी धरून लावलं तर तसंच फळ येत नाही, गुण फुटतात. म्हणजे दरवर्षी पुन्हा पाकीट. माझ्या लेकीला बी 'धरायचं' असतं हेच ठाऊक नव्हतं, आणि त्यात तिची काय चूक? अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी वालाची, भाताची, भाज्यांची गावठी वाणं जपली, त्यांना २०२० ची पद्मश्री मिळाली तेव्हा आम्ही सगळ्यांनी त्यांचे फोटो शेअर केले. मीही केला. त्या दिवशी मी गुहागरला फोन करून "आई, आपल्याकडे कुठलं बी शिल्लक आहे?" एवढं विचारायला हवं होतं. विचारलं यंदा.

शिल्लक होतं फक्त घोसाळं. आईंनी जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून आणलं. लेकीने कागदाच्या पुड्या केल्या आणि प्रत्येकीवर लिहिलं: 'आजीचं घोसाळं, गुहागर. फूल सकाळी.'

आमचं लावून झाल्यावर पाच पुड्या उरतील, प्रत्येकीत चार बिया. हव्या असतील तर मेसेज करा, पोस्टाने पाठवते. वेलावर एक फळ वाळू द्या आणि त्यातल्या बिया पुढे आणखी दोघांना द्या. आणि तुमच्या घरी कोकणातल्या लांब पडवळाचं जुनं बी असेल, तर मला हवंय.